दान आणि सभा : कावेरीकाठच्या आरोग्यसेवेचा इतिहास आणि लोकसहभागाचा प्रश्न

१. विषयप्रवेश

कुंभकोणमच्या ईशान्येस, कोळ्ळिडम नदीच्या अलीकडे तिरुप्पनंदाळ हे गाव आहे. आजच्या तंजावर जिल्ह्यातील तिरुविडैमरुदूर तालुक्यात त्याचा समावेश होतो. अरुणजटेश्वराचे प्राचीन देवालय आणि सतराव्या शतकातील तमिळ संतकवी कुमरगुरुपरर यांच्या परंपरेतील काशीमठ, या दोन गोष्टींमुळे हे गाव तमिळ वाङ्मयाच्या व शैव संप्रदायाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मराठी वाचकाला त्याचा संदर्भ दुसऱ्या बाजूने लागतो. तिरुविडैमरुदूर म्हणजे जुन्या कागदपत्रांतील मध्यार्जुन. १७९८ मध्ये तंजावरची गादी गमावल्यानंतर अमरसिंह महाराज येथे येऊन राहिले. भोसले घराण्याच्या पावणेदोनशे वर्षांच्या राजवटीत कुंभकोणम आणि त्याच्या भोवतीचा हा प्रदेश मराठी दप्तराच्या कक्षेत होता, आणि त्या राजवटीनंतरही येथील मराठी कुटुंबांतून सर टी. माधवराव यांच्यासारखे प्रशासक पुढे आले.

सार्वजनिक आरोग्यसेवेतील लोकसहभाग आणि त्यासाठी भरणाऱ्या सभांची परिणामकारकता, हा विषय सामान्यतः अलीकडचा समजला जातो. १९७८ ची अल्मा-अता परिषद किंवा २००५ चे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान येथून त्याची सुरुवात मोजण्याची पद्धत आहे. प्रस्तुत निबंधात हा काळ मागे नेण्याचा प्रयत्न केला आहे. आजारी माणसाची सोय करणे आणि गावाने एकत्र बसून निर्णय घेणे, या दोन्ही परंपरा तमिळ प्रदेशात फार जुन्या आहेत. मात्र त्या परस्परांपासून वेगळ्या राहिल्या. पहिलीला येथे ‘दान’ आणि दुसरीला ‘सभा’ असे म्हटले आहे. आजची ग्रामस्तरीय आरोग्य समिती या दोहोंचा मेळ घालू पाहते. तिच्या अडचणींचा उगमही या दोन परंपरांच्या दीर्घ विभक्तपणात शोधावा लागतो, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. दोन शिलालेख

कांचीपुरमच्या परिसरातील दोन चोळकालीन शिलालेख या विभक्तपणाची साक्ष देतात. पहिला उत्तरमेरूर येथील. पहिल्या परांतक चोळाच्या काळातील, इ.स. ९१९ आणि ९२१ च्या सुमाराचे हे लेख ग्रामसभेच्या समित्या कशा निवडाव्यात याचे तपशीलवार नियम देतात. गावाचे तीस विभाग पाडावेत, प्रत्येक विभागातून पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रावर लिहून घटात टाकावीत, सर्व सभा जमली असताना लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढवावी आणि निघालेले नाव मोठ्याने वाचून दाखवावे, अशी ही पद्धती होती. वार्षिक समिती, बागांची समिती, तलावाची समिती अशा वेगवेगळ्या समित्या असत. ज्याने मागील तीन वर्षांत एखाद्या समितीवर काम केले आहे त्याला पुन्हा संधी नसे. ज्याने पूर्वी समितीवर असताना हिशेब दिला नाही तो स्वतः तर अपात्र ठरेच, त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र ठरत. हिशेबाची ही अट एवढी कडक आहे की आजच्या कोणत्याही समितीच्या नियमावलीत तिची बरोबरी सापडणे कठीण आहे.

दुसरा शिलालेख पालार नदीच्या काठच्या तिरुमुक्कूडल येथील वीरराजेंद्र चोळाच्या काळातील, म्हणजे इ.स. १०६८-६९ च्या सुमाराचा. देवालयाशी जोडलेली पाठशाळा, विद्यार्थ्यांचे वसतिगृह आणि पंधरा खाटांचे रुग्णालय यांच्या खर्चाची तरतूद त्यात नोंदली आहे. रुग्णालयासाठी एक वैद्य, एक शस्त्रवैद्य, वनौषधी आणून औषधे सिद्ध करणारे सेवक, शुश्रूषा करणाऱ्या दोन स्त्रिया आणि एक न्हावी यांचे वेतन ठरवून दिले होते. वर्षभरासाठी साठवायच्या औषधांची यादीही लेखात आहे.

या दोन लेखांची तुलना उद्बोधक आहे. उत्तरमेरूरच्या सभेला तलाव, बागा आणि हिशेब यांची चिंता आहे, परंतु आजाऱ्यांसाठी तिने वेगळी समिती नेमलेली नाही. तिरुमुक्कूडलच्या रुग्णालयात वैद्यापासून न्हाव्यापर्यंत सर्वांची तरतूद आहे, परंतु रुग्णालयाचा कारभार रुग्णांनी किंवा गावाने पाहावा अशी कल्पना तेथे नाही. शिवाय दोन्हींच्या मर्यादा स्पष्ट आहेत. सभेवर जमीनधारक, वेदविद्या जाणणारे, पस्तीस ते सत्तर वयाचे पुरुषच येऊ शकत. रुग्णालयाच्या खाटा पाठशाळेतील विद्यार्थी व देवालयाचे सेवक यांच्यासाठी होत्या. तेव्हा प्राचीन काळी लोकशाही आरोग्यव्यवस्था नांदत होती, असा निष्कर्ष यांतून काढणे इतिहासाला धरून होणार नाही. सभा चालविण्याची कला आणि रुग्णसेवेची व्यवस्था या दोन्ही गोष्टी येथे परिपक्व होत्या आणि त्या एकत्र आलेल्या नव्हत्या, एवढेच म्हणता येते.

३. छत्रांची व्यवस्था आणि तिची मर्यादा

तंजावरच्या मराठी राजांनी दानाची परंपरा पुढे नेली आणि तिचा विस्तार केला. रामेश्वरच्या यात्रामार्गावर त्यांनी छत्रे बांधली व त्यांना जमिनी लावून दिल्या. बहुतेक छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र आणि ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र ही त्यांतील प्रसिद्ध उदाहरणे होत.

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेल्यानंतर सरफोजी महाराजांनी छत्रांच्या जमिनी अबाधित राहाव्यात म्हणून जानेवारी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहिले. छत्रांच्या कार्याचे जे वर्णन त्यात आहे ते केवळ अन्नदानाचे नाही. सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले असल्यास बोलावले जाई. आजाऱ्याला वैद्य, औषध आणि पथ्याचे अन्न मिळे. बाळंतिणीची सोय होई. वाटेत आईबाप मरण पावलेल्या मुलांचा सांभाळ होऊन त्यांना शाळेत घातले जाई. यात्रेत मृत्यू आलेल्याचे अंत्यसंस्कारही छत्राकडून होत. आजच्या परिभाषेत सांगायचे तर माता-बालसंगोपन, रुग्णसेवा, पोषण आणि निराधारांचे संरक्षण ही सारी कामे एकाच संस्थेच्या छपराखाली चालत होती.

सरफोजींचा वैद्यकविषयक जिज्ञासेचा वारसा धन्वंतरी महालाच्या रूपाने सर्वश्रुत आहे. त्यांच्या नेत्रचिकित्सेच्या नोंदी व रुग्णांच्या डोळ्यांची चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत. या संदर्भात एका भाषिक वस्तुस्थितीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. धन्वंतरी महालातील अनुभवसिद्ध औषधयोग ‘सरभेंद्र वैद्यमुरै’ या नावाने जे ग्रंथित झाले ते तमिळ भाषेत. दरबारचे हिशेब, हुकूम आणि पत्रव्यवहार मात्र प्रामुख्याने मराठीत व मोडी लिपीत होत. म्हणजे रोग्याला उपयोगी पडणारे ज्ञान लोकभाषेत आले, तर रोग्यासाठी होणाऱ्या खर्चाची नोंद त्याला वाचता न येणाऱ्या लिपीत राहिली. राज्यकर्त्यांचा हेतू वाईट होता असे यावरून म्हणता येणार नाही. परंतु छत्रात औषध घेणाऱ्या तमिळ शेतमजुराला त्या छत्राची जमीन किती, उत्पन्न किती आणि खर्च कोठे होतो, हे विचारण्याचा मार्ग नव्हता. तो विचारावा अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

दानव्यवस्थेचे हे मूलभूत लक्षण आहे. दाता उदार असेल तोवर ती उत्तम चालते. दाता बदलला किंवा उत्पन्न आटले की ती क्षीण होते, आणि तिचा लाभ घेणाऱ्यांना त्याबाबत बोलण्याचे पीठ नसते. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी महाराज निवर्तले आणि राज्य खालसा झाले. त्यानंतर छत्रांचे काय करावयाचे, हा निर्णय कागदोपत्री झाला. तो घेताना त्यांच्या आश्रयाने जगणाऱ्यांना विचारले गेले नाही.

महाराष्ट्रातील गावगाड्यात सभेची परंपरा वेगळ्या रूपाने होती. गोतसभेत निवाडा झाला की महजर लिहिला जाई आणि त्यावर उपस्थितांच्या निशाण्या होत. कुणब्याचा नांगर, इतर बलुतेदारांची आपापली हत्यारे अशा खुणांनी अक्षरशून्य माणूसही निर्णयाचा साक्षीदार ठरे. जाती-वतनांच्या चौकटीतच ही सभा चालत असे, हे खरे. तरीही निर्णय कोणी, कोठे आणि कोणाच्या समक्ष घेतला, हे लिहून ठेवण्याची शिस्त तिच्यात होती. आजच्या इतिवृत्ताचे हे पूर्वरूप म्हणता येईल. मात्र गोतसभेपुढे येणारे तंटे वतनाचे, सीमेचे व मानपानाचे असत. रोगराईचा प्रश्न तिच्यापुढे शांतिकर्म आणि जत्रा या स्वरूपातच येई.

४. स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य : वसाहतकाळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दान आणि सभा एकत्र येण्याची पहिली संधी निर्माण झाली. मद्रास इलाख्यात १८७१ च्या कायद्याने लोकल फंड मंडळे आली. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ च्या मद्रास लोकल बोर्ड कायद्याने जिल्हा बोर्ड, तालुका बोर्ड आणि युनियन पंचायत अशी तीन स्तरांची रचना झाली. दिवाबत्ती, रस्तेझाडू आणि स्वच्छता ही युनियन पंचायतीची कामे होती. कुंभकोणमला नगरपालिका १८६६ मध्येच आली होती. मुंबई इलाख्यात १८८९ च्या ग्रामस्वच्छता कायद्याने गावोगाव स्वच्छता समित्या नेमण्याची तरतूद झाली. आरोग्यासाठी गावपातळीवरील समिती ही कल्पना अशा रीतीने महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

पण या समित्यांचे सभासद कोण होते? जमीनदार, सावकार, वकील, वतनदार. कर भरण्याच्या ऐपतीवर सभासदत्व अवलंबून होते. ज्यांच्या वस्तीत पटकी प्रथम शिरत असे त्यांचा एकही प्रतिनिधी सभेत नसे. समित्यांना अधिकार थोडे आणि निधी त्याहून थोडा होता.

या व्यवस्थेची कसोटी १८९७ च्या पुणे प्लेगने घेतली. त्या वर्षीच्या ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा संमत झाला. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने लष्कराच्या साहाय्याने घरझडती, रुग्णांचे सक्तीचे स्थलांतर आणि सामानाची जाळपोळ हे उपाय योजले. समिती होती, सभाही होत होत्या, परंतु त्यांत नगरवासीयांचे स्थान आज्ञाधारकाचे होते. परिणाम सर्वांना ठाऊक आहे. लोकांनी रोगी लपविले, साथीच्या उपायांविषयी अविश्वास वाढला आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. याच साथीत लोकांच्या बाजूनेही व्यवस्था उभ्या राहिल्या. लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय उघडण्यात पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले यांना प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील काळात सरकारनेही सक्तीची धार कमी केली व स्थानिक पुढाऱ्यांचे साहाय्य घेण्याचे धोरण स्वीकारले. लोकांना सोबत न घेता राबविलेला शास्त्रशुद्ध उपायही निष्फळ ठरतो, हा धडा भारतीय सार्वजनिक आरोग्याने पुण्यात घेतला. त्याची किंमत मोठी होती.

मद्रास इलाख्यात १९३९ चा सार्वजनिक आरोग्य कायदा झाला. या विषयावरील सर्वंकष कायदा करणारा तो देशातील पहिला प्रांत होय. स्वतंत्र सार्वजनिक आरोग्य सेवावर्ग हे आजच्या तमिळनाडूचे वैशिष्ट्य त्याच परंपरेतून आले आहे. त्या व्यवस्थेची कार्यक्षमता सर्वमान्य आहे. पण तिचा कणा अधिकाऱ्यांचा आहे, सभेचा नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

५. स्वातंत्र्योत्तर प्रयोग

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालात प्रत्येक गावी पाच ते सात स्वयंसेवी व्यक्तींची आरोग्य समिती असावी अशी शिफारस आहे. समितीच्या इतर शिफारशींची जेवढी चर्चा झाली तेवढी हिची झाली नाही. १९५२ पासून सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहिली. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने, १ मे १९६२ पासून, ती जिल्हा परिषदेच्या कक्षेत आली. तमिळनाडूत ती आरोग्य संचालनालयाच्या अखत्यारीत राहिली. त्यामुळे महाराष्ट्रातील गावकऱ्याला निदान तत्त्वतः तरी आपल्या निवडलेल्या सभासदाकडे दवाखान्याची तक्रार नेता येते. तमिळनाडूतील गावकऱ्याला विभागाच्या शिस्तीवर अधिक विसंबावे लागते.

सभेचे खरे शिक्षण मात्र कायद्यापेक्षा काही प्रयोगांतून झाले. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे काम सुरू केले. गावकऱ्यांशी बोलताना त्यांच्या लक्षात आले की लोकांची पहिली मागणी औषधाची नसून अन्न आणि पाण्याची आहे. ती मान्य करून त्यांनी कामाची दिशा ठरविली. वेगवेगळ्या जातींचे पुरुष एकत्र यावेत म्हणून त्यांनी शेतकरी मंडळे स्थापिली आणि त्यासाठी खेळांचा आधार घेतला. पुढे महिला मंडळे झाली. कूपनलिका दलित वस्तीत घेतल्या गेल्या, त्यामुळे पाण्यासाठी सर्वांना तेथे यावे लागले. ग्राम आरोग्य सेविका म्हणून गावाने निवडलेल्या स्त्रियांत अल्पशिक्षित व दलित स्त्रियांचा मोठा वाटा होता. सभा भरविण्याआधी एकत्र बसता येईल अशी जागा निर्माण करावी लागते, हे जामखेडचे योगदान आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ची स्थापना केली. रुग्णालय कसे असावे, हे त्यांनी आदिवासींना विचारले. लोकांना मोठ्या इमारतीची भीती वाटत होती. म्हणून रुग्णालय गोंड खेड्यातील घरांच्या धर्तीवर उभे राहिले आणि लोकांच्याच इच्छेने त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. याच संस्थेच्या घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगात ३९ गावांमध्ये नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लोकांचे ऐकणे हा केवळ सौजन्याचा भाग नसून त्याचे मोजता येणारे फळ असते, हे यातून सिद्ध झाले.

६. समित्यांचे युग

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले आणि समिती ही देशव्यापी संस्था झाली. गावपातळीवर आरोग्य व स्वच्छता समिती, रुग्णालयाच्या पातळीवर रुग्ण कल्याण समिती अशी रचना झाली. ग्रामसमितीला वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी मिळू लागला. २०११ मध्ये तिच्या नावात व कार्यात पोषणाची भर पडली. २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी किमान पंधरा सभासद, त्यांत निम्म्या स्त्रिया आणि दरमहा सभा अशी अपेक्षा घालून दिली.

रुग्ण कल्याण समितीच्या कल्पनेचा उगम इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात आहे. १९९४ मध्ये सुरतेतील प्लेगच्या धास्तीनंतर त्या रुग्णालयाची जी साफसफाई झाली तिच्यातून ही संस्था पुढे आली. होळकरांच्या इंदूरशी कुंभकोणमचा जुना संबंध आहे. कुंभकोणमचे समाजसुधारक दिवाण बहादुर आर. रघुनाथराव हे एकोणिसाव्या शतकात इंदूरचे दिवाण होते. यावरून कार्यकारणसंबंध जोडणे अर्थातच योग्य नव्हे. तथापि दक्षिणी मराठी प्रशासकांनी संस्थानांत राबविलेली लोककल्याणकारी राज्याची कल्पना आणि आजची समितीव्यवस्था यांत एक साम्य दिसते. दोन्हींत कल्याणाची प्रेरणा वरून येते. रुग्ण कल्याण समितीच्या नावातच रुग्ण हा कल्याणाचा विषय आहे, सभेचा सदस्य नाही.

या उणिवेवर उपाय म्हणून २००७ मध्ये नऊ राज्यांतील ३६ जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्र व तमिळनाडू ही दोन्ही राज्ये त्यांत होती. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे निवडले गेले आणि पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेने समन्वयाचे काम केले. गावकऱ्यांनी स्वतः आरोग्यसेवेची पाहणी करून हिरवा, पिवळा, लाल अशा तीन रंगांत प्रगतिपत्रक तयार करावयाचे, ते गावात लावावयाचे आणि न सुटलेले प्रश्न जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडावयाचे, अशी ही पद्धती होती. परिचारिका गावात येते का, औषध दवाखान्यातून मिळते की बाहेरची चिठ्ठी मिळते, पैसे मागितले जातात का, असे प्रश्न त्यात असत. रंगांमुळे निरक्षर व्यक्तीलाही निष्कर्ष कळे. महजरावरील नांगराच्या निशाणीचे कार्य येथे तीन रंगांनी केले, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. फरक एवढाच की महजरावर गाव दिलेल्या निर्णयाची साक्ष देई, आणि प्रगतिपत्रकात ते मिळालेल्या सेवेचा निवाडा करते.

७. परिणामकारक सभेची लक्षणे

या इतिहासाच्या आधारे सभेची परिणामकारकता कशावर अवलंबून असते, याविषयी काही निरीक्षणे मांडता येतात.

पहिले निरीक्षण जागेविषयी. आंद्रे बेतेय यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंजावर जिल्ह्यातील एका गावाचे चित्र आहे. अग्रहार, ब्राह्मणेतर शेतकऱ्यांची वस्ती आणि आदिद्रविडांची चेरी अशा तीन जगांत ते गाव विभागलेले होते. अशा गावात सभा कोठे भरते यावर तिला कोण येणार हे ठरते. सभा देवालयाच्या मंडपात भरली तर काहीजण येणार नाहीत, आणि आले तरी बोलणार नाहीत. जामखेडने जे कूपनलिकेच्या बाबतीत केले तेच सभेच्या बाबतीत करावे लागते.

दुसरे निरीक्षण वेळेविषयी. कावेरीच्या खोऱ्यात लावणी व कापणीच्या दिवसांत शेतमजूर स्त्रिया पहाटेपासून शेतात असतात. दुपारी अकराची सभा अधिकाऱ्यांच्या सोयीची असते. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची कायदेशीर तरतूद आहे. तिचा हेतू स्त्रियांचे म्हणणे मुख्य सभेत पूर्वतयारीनिशी यावे हा आहे. ती केवळ हजेरीपटावर झाली तर हा हेतू विफल होतो.

तिसरे निरीक्षण भाषेविषयी. तंजावरच्या मोडी दप्तराबद्दल वर जे म्हटले ते आज महाराष्ट्रालाही लागू पडते. मेळघाटात लोक कोरकू बोलतात, नंदुरबारच्या डोंगरात भिली व पावरी. समितीचे इतिवृत्त मात्र प्रमाण मराठीत लिहिले जाते. एके काळी तमिळ शेतमजुराला मोडी जशी परकी होती तशीच कोरकू मातेला ही मराठी परकी असू शकते. मराठीच्या अभ्यासकांनी आपल्या भाषेकडे सत्तेची भाषा म्हणूनही पाहावे, असे हे दोन प्रसंग सुचवितात. इतिवृत्त लिहून झाल्यावर ते लोकांच्या बोलीत वाचून दाखविणे, हा त्यावरील साधा उपाय आहे.

चौथे निरीक्षण हिशेब व पाठपुरावा यांविषयी. प्रत्येक सभेचा पहिला विषय मागील सभेच्या निर्णयांचे काय झाले हा असावा. कोणत्या निर्णयाची जबाबदारी कोणाकडे व केव्हापर्यंत, हे नोंदविले नाही तर ठराव ही केवळ इच्छा राहते. उत्तरमेरूरच्या सभेने हिशेब न देणाऱ्याला पुढील समितीसाठी अपात्र ठरविले होते. आज दहा हजार रुपयांचा खर्चही अनेकदा दोन सह्यांपलीकडे कोणाला ठाऊक नसतो.

पाचवे निरीक्षण कायदेशीर चौकटीचे. तमिळनाडूत ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. महाराष्ट्रातही याच दिवसांची रूढी आहे. तमिळनाडूने त्यात अलीकडे २२ मार्च व १ नोव्हेंबर या दिवसांची भर घातली. परंतु तिरुप्पनंदाळ हे नगर पंचायतीचे गाव असल्याने तेथे ग्रामसभा नसते. ती भोवतालच्या ग्रामपंचायतींत असते. २०२२ च्या नियमांनी नागरी क्षेत्रासाठी प्रभाग समित्या व क्षेत्रसभा यांची तरतूद केली, तेव्हा कोठे अशा गावांतील नागरिकांना समकक्ष व्यासपीठ मिळाले. रुग्ण मात्र सीमा पाहून येत नाहीत. आरोग्य केंद्र नगरात आणि त्याचे बहुसंख्य रुग्ण भोवतालच्या खेड्यांत, ही स्थिती देशभर आढळते. म्हणून आरोग्यसभेची हद्द पंचायतीच्या हद्दीपेक्षा सेवाक्षेत्राला धरून असणे अधिक सयुक्तिक होय.

८. एक चालू कसोटी : हत्तीरोग

कुंभकोणम व त्याचा परिसर हत्तीरोगासाठी दीर्घकाळ ओळखला जातो. घाणपाण्यात वाढणाऱ्या डासांमुळे पसरणाऱ्या या रोगाच्या निर्मूलनासाठी वर्षातून एकदा सर्व पात्र लोकसंख्येला औषध देण्याची पद्धत भारतात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रायोगिक स्वरूपात आणि २००४ पासून व्यापक प्रमाणात सुरू झाली. तंजावर जिल्हा त्यात होता, तसेच महाराष्ट्रातील विदर्भाचे जिल्हेही होते. या उपायाचे वैशिष्ट्य असे की तो निरोगी माणसाने घ्यावयाचा आहे. ज्याला काही होत नाही त्याने गोळ्या गिळावयाच्या, आणि तेही एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी सलग काही वर्षे. वाटलेल्या गोळ्या आणि प्रत्यक्ष घेतलेल्या गोळ्या यांत तफावत राहते, असे देशाच्या अनेक भागांतील पाहण्यांत आढळून आले.

छत्राची पद्धत येथे अपुरी पडते. भुकेल्याला अन्न आणि आजाऱ्याला औषध देता येते, कारण त्याची गरज त्याला जाणवत असते. निरोगी माणसाला शेजाऱ्यासाठी औषध घ्यावयास लावणे हे दानाचे काम नाही. त्यासाठी गावाने बसून, शंका विचारून, ताप येईल का, गर्भवतीने घ्यावे का, हे समजून घेऊन सामूहिक निश्चय करावा लागतो. ते सभेचे काम आहे. लसीकरण, डासनिर्मूलन, क्षयरोगाचा पाठपुरावा या सर्वांना हाच न्याय लागू पडतो. रोगाचे स्वरूप जसजसे सामुदायिक तसतशी सभेची गरज अधिक.

९. समारोप

वरील विवेचनातून एक क्रम हाती येतो. चोळकाळात सभा व रुग्णालय स्वतंत्र होते. मराठा काळात रुग्णसेवा यात्रामार्गांवर व सर्व जातींपर्यंत पोहोचली, परंतु ती दानरूप राहिली. वसाहतकाळात समिती आली, पण ती प्रतिष्ठितांची होती, आणि प्लेगसमयी ती सक्तीचे साधन ठरली. स्वातंत्र्यानंतर जामखेड व गडचिरोलीसारख्या प्रयोगांनी सभेतून आरोग्य घडू शकते हे दाखविले, आणि २००५ नंतर राज्यव्यवस्थेने समितीचा सांगाडा सर्वत्र उभा केला.

या सांगाड्यात प्राण आहे की नाही, याचा निर्णय तिच्या इतिवृत्तांवरून होईल. तंजावरच्या मोडी कागदांवरून आज आपण छत्रांचा खर्च अभ्यासू शकतो, कारण कोणीतरी तो लिहून व जपून ठेवला. परंतु छत्रात मध्यरात्री घंटा ऐकून आलेल्या माणसाला काय वाटले, त्याची तक्रार काय होती, हे आपल्याला कळू शकत नाही. ते कोणी लिहिलेच नाही. गावोगावच्या आरोग्य समित्यांची वहीखाती आज उपकेंद्रांच्या कपाटांत पडून आहेत. अनेक ठिकाणी ती वाळवीच्या स्वाधीन होत आहेत. ती जिल्हा अभिलेखागारांत जतन करणे, आणि त्यांत केवळ ‘चर्चा झाली, ठराव मंजूर’ असे न लिहिता कोणी काय मागितले व काय नाकारले गेले हे लिहिणे, या दोन गोष्टी झाल्या तर पुढील अभ्यासकाला रुग्णाचा स्वतःचा शब्द मिळेल. त्याआधी त्याचा उपयोग त्याच गावाला पुढच्या महिन्याच्या सभेत होईल.